परत पाठवलेले घड्याळ

ते प्रकरण आजही माझ्या मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात धड चार ओळीही आल्या नाहीत. तरी नोकरीत ज्या प्रकरणांनी माझी झोप उडवली त्यात हे फार वर आहे. नावे मी कोणाचीच घेणार नाही. त्यातली माणसे अजून त्याच भागात राहतात आणि त्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते आणि मी बोईसर भागात फौजदार होतो. हद्द मोठी विचित्र. एकीकडे कारखाने आणि त्यांच्या आसऱ्याने उठलेल्या चाळी, दुसरीकडे वाड्या आणि समुद्रकाठची मच्छीमार गावे. कारखान्यांच्या बाजूने मारामाऱ्या आणि तांब्याच्या तारेच्या चोऱ्या रोजच्या. किनाऱ्यावरून मात्र सहसा कोणी ठाण्याची पायरी चढत नसे, त्यांचे तंटे गावच मिटवी. म्हणून एका सकाळी नवापूरची एक बाई बाकावर माझी वाट बघत बसलेली दिसली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुळात मी काळजी करणारा माणूस. आमच्या घरी म्हणत, याला फौजदार कोणी केले?

बाई सुकी मासळी विकणारी. पाटी बाहेर ठेवून आत आली होती. तिच्या लेकीचे लग्न ठरले होते आणि जावयाला सोनेरी मनगटी घड्याळ द्यायचे, तेही तारीख-वार दाखवणारे, हे तिने मनात घेतले होते. मागितले कोणी नव्हते, हौस तिचीच. एका साप्ताहिकात मुंबईच्या एका कंपनीची जाहिरात आली होती. परदेशी बनावट, सोन्याचा मुलामा, टपालाने घरपोच, आणि पसंत न पडल्यास परत पाठवा, पूर्ण पैसे परत. तिने व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टात पैसे भरून पार्सल सोडवायच्या बोलीने, घड्याळ मागवले आणि गाठीचे सगळे पैसे भरून ती व्ही.पी. सोडवली.

"चालत होतं साहेब, पन तारीक पुढं जाईना," ती म्हणाली. "आज बी तीच, उद्या बी तीच. असलं घड्याळ जावयाला कसं देऊ?"

म्हणून घड्याळ परत पाठवायचे ठरले. तिच्या सुनेने ते डब्यात घातले, डब्यावर मांजरपाटाचे कापड शिवले आणि पोस्टात नेऊन, लाखेचे शिक्के मारून, पार्सल रजिस्टर केले. पुढे बरेच दिवस काहीच कळले नाही. मग कंपनीचे पत्र आले. पार्सलमध्ये घड्याळ नव्हते, दगडाचे तुकडे होते, सबब पैसे परत देता येत नाहीत, यापुढे पत्रव्यवहार करू नये.

"कंपनीकडून आमचे पैसे आणून द्या," एवढेच तिचे म्हणणे.

मी तिला समजावू लागलो की हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी मामला, पोलीस यात एकदम हात घालू शकत नाहीत. ती ऐकत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "मंग माज्या सुनेची चौकशी करा. पार्सल तिनंच शिवलं, तिनंच नेलं. घरात दुसऱ्या कुनी हात लावला नाय."

"सून कुठे आहे?"

"आईकडं धाडली. हाकलली नाय हां मी. म्हनलं, खरं काय ते कळंपर्यंत तिथं ऱ्हा."

मुलगा काय म्हणतो, असे विचारले तर म्हणाली, तो बोटीवर असतो, त्याला काय कळते. वर हेही सांगितले की सुनेचा भाऊ बोईसरच्या एका कारखान्यात आहे आणि त्याने नुकताच नवा टेपरेकॉर्डर घेतला आहे. गावात सगळ्यांनी हे दोन आणि दोन जोडून ठेवले होते. लग्नाचे घर, चोरी घरातलीच, आणि चोर परक्या घरून आलेली पोरगी. मी स्टेशन डायरीला नोंद केली, अर्ज ठेवून घेतला आणि बाईला परत पाठवले. पण जेवताना, झोपताना ती न पाहिलेली पोरगी डोळ्यांपुढून हलेना. घरातून चोर ठरवून बाहेर काढलेल्या सुनांची प्रकरणे पुढे आमच्याकडे कोणत्या रूपात येतात, हे मला पुरते माहीत होते. त्यांचे पंचनामे मी केलेले होते.

दुसऱ्याच दिवशी साध्या कपड्यांत निघालो. जीप वाणगावलाच ठेवली आणि पुढे एस.टी.ने गेलो, कारण पोलिसाची गाडी दारात लागली की उरलेली अब्रूही जाते. डहाणूच्या बाजूला खाडीकाठी तिचे माहेर. पोरगी विशीची असेल. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने एकच वाक्य सांगितले.

"मी शिवलं तवा आत घड्याळच होतं."

मी फिरवून विचारले, उलटे विचारले, पोस्टातले विचारले, भावाचे विचारले. प्रत्येक वेळी तेवढेच उत्तर आले. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्यांदा विचारले की दोन गोष्टी जास्त सांगतो, तिसऱ्यांदा शपथ घेतो. हिने शब्दही वाढवला नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. पण फौजदाराला पटले म्हणून नवापूरला पटत नाही, आणि कोर्टाला तर नाहीच. पोस्टाच्या पावतीवर पार्सलचे वजन होते, पण वजन दगडालाही असते.

निघताना तिची आई रस्त्यापर्यंत मागे आली. "साहेब, ती जेवत नाय. हिरीवर एकटी जायला बगते. मी जाऊ देत नाय. पन मी किती दिवस राखू?"

त्यानंतर कित्येक दिवस वायरलेस वाजला की आधी विहीर आठवे.

भावाला चौकीत बोलावले. टेपरेकॉर्डर हप्त्यांवर घेतलेला, दुकानदारानेही तसाच जबाब दिला. तरी गावाचे समाधान नव्हते. पहिला हप्ता कुठून आणला, असे आता लोक विचारू लागले होते. संशयाला एकदा जागा मिळाली की तो पुराव्यावरच पोसतो, बाजूचा असो वा विरुद्धचा.

मग मी साधा विचार केला. घड्याळ खरेच चोरीला गेले असेल तर ते बिघडलेले आहे. आज ना उद्या तारखेसाठी ते दुरुस्तीला येणार. बोईसर, पालघर आणि मनोर इथल्या घड्याळजींना मी वर्णन देऊन ठेवले. आणि एका दुपारी बोईसरच्या घड्याळजीचा निरोप आला, तसले घड्याळ आले आहे.

मी लगेच गेलो. खरे सांगतो, ते त्या भावाने आणलेले नसावे, अशी माझी इच्छा होती. तपास करणाऱ्याने अशी इच्छा धरू नये. मी धरली.

घड्याळजीने भिंग डोळ्याला लावून पट्ट्याच्या कड्या उलगडून दाखवल्या. फटींत लाल काहीतरी चिकटले होते.

"कुंकू आहे साहेब. आणि हे बघा."

चिमट्याच्या टोकावर त्याने एक चकाकणारा कण धरला. अभ्रकासारखा पातळ, नखाच्या टोकाएवढा. मासळीचा खवला. कुंकवाचे मला काही वाटले नव्हते, मुंबईचा दुकानदारही नव्या मालाला कुंकू लावतो. पण खवला?

घड्याळ आणणारा माणूस कारखान्यातला मशीनवाला, उत्तरेकडून आलेला. त्याला चौकीत बसवले तर घामाने निथळला.

"साहब, चोरी का नहीं है। डाक से मँगवाया है। कागज़ है मेरे पास।"

हवालदाराला घेऊन तो खोलीवर गेला आणि वेष्टन घेऊन आला. तीच कंपनी. पोस्टाचा शिक्का सुनेने पार्सल पाठवल्यानंतरचा. मासळी खातोस का, घरी कोणी मच्छीवाले येते का, असे विचारले तर त्याने कानाला हात लावले. "राम राम साहब, हम लोग तो छूते भी नहीं।" मग चाचरत म्हणाला, "तारीख नहीं चलती है। यहाँ ठीक नहीं हुआ तो वापस भेजनेवाला था। लिखा है, पूरा पैसा मिलेगा।"

बिचाऱ्यालाही दगडाचे पत्र आले असते.

नवापूरच्या बाईला बोलावून घेतले. घड्याळ टेबलाच्या खणातच ठेवून आधी विचारले, घरी आल्यावर त्या घड्याळाचे काय केले होते?

"काय करनार? नवी चीज घरात आली. होडीला लावतो तसं हळद-कुंकू लावलं, देवापुढं ठेवलं."

"हात धुतले होते का?"

बाई भडकली. "मासळी सुकवायचे दिवस होते साहेब! किती वेळा हात धुवायचे मानसानं?"

मी घड्याळ आणि कागदावर ठेवलेला खवला तिच्यापुढे केला. तिने खवला बोटावर घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "मांदेलीचा हाय." मग हे घड्याळ कुठून, कोणाकडून आले ते मी तिला सांगितले. ती कागद तसाच धरून बसली. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी जे आले ते बघवेना. डोक्यावरचा पदर नीट करत ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मंग तिनं खरंच घातलं व्हतं."

पंचनामा करून घड्याळ जप्त केले. वरिष्ठ साहेबांची परवानगी काढून, मुंबईच्या स्थानिक पोलिसांना बरोबर घेऊन कंपनीच्या गोदामावर गेलो. तिथला मॅनेजर आधी गुर्मीत होता. "गावाकडची माणसं दगड भरून पाठवतात आणि वर पैसे मागतात," असे म्हणाला. मी आवाज चढवला नाही. परत आलेला माल कुठे ठेवता, एवढेच विचारले. "परत माल येतच नाही," तो बोलून गेला आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आले की मग दगडांची पत्रे कशाबद्दल जातात, असे मी विचारणार. त्याने पाणी मागितले. मागच्या खोलीत पार्सलांची उसवलेली कापडे ढिगाने पडली होती. नागपूरची, कोल्हापूरची, गुजरातची, कोणी जाड दोऱ्याने शिवलेली, कोणी साडीच्या फाटक्या काठात गुंडाळलेली. शेजारच्या गोणीत खडी भरून ठेवली होती, कोणी तक्रार घेऊन दारात आलाच तर दाखवायला. परत आलेली घड्याळे पुसूनबिसून पुढच्या गिऱ्हाइकाला जात. तो ढीग बघताना मला एकच वाटत होते, यातल्या किती घरांत कोणावर आळ आला असेल? त्याचा तपास कोण करणार?

मॅनेजर आणि मालकाला अटक झाली, खटला उभा राहिला. घड्याळ मुद्देमाल म्हणून कोर्टात अडकले. लग्न घड्याळाविनाच झाले आणि जावयाने त्याचे नावही काढले नाही.

पण त्या लग्नाच्या आधी एक काम राहिले होते. बाई ठाण्यात आली आणि म्हणाली, "तुमी चला माज्यासंगं. मी एकटी गेली तर ती दार उगडायची नाय."

या वेळी मी मुद्दाम वर्दीत गेलो आणि जीप थेट दारात लावली. शेजारपाजार जमला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो की घड्याळ मुंबईला पोचले होते, चोरी कंपनीने केली, या मुलीवर कसलाही आळ नाही. तिची आई रडू लागली. सून मात्र तशीच उंबऱ्याच्या आत उभी होती.

सासू पुढे झाली. "चल घरी. घड्याळ सापडलं."

सुनेने विचारले, "आन नसतं सापडलं तर?"

मला वाटले, आता काहीतरी बोलून हा क्षण सावरला पाहिजे. तसं कसं होईल, सत्य बाहेर येतेच, असले काहीतरी. मी तोंड उघडलेही. पण त्याआधी सासू बोलली.

"मंग मी आली नसती."

वाटले, संपले, आता ही पोरगी कधीच जाणार नाही. तिने सासूच्या डोळ्यांत बघितले. सासूनेही नजर काढली नाही. मग सून आत गेली, तोंड धुऊन आली आणि पायात चपला सरकवत म्हणाली, "खरं बोल्ली. चला."

नोकरीत मी असंख्य जबाब घेतले. दम देऊन, समजूत घालून, रात्र रात्र बसवून माणसांकडून खरे काढले. स्वतःला उघडे पाडणारे खरे, कोणी दम न देता, चारचौघांत सांगितलेले मी फक्त त्या अंगणात ऐकले. आणि त्या मुलीचा प्रश्न सासूला होता तितकाच मलाही होता, हे जीपमध्ये बसल्यावर कळले. खवला त्या फटीत अडकला नसता तर मी तिच्या दारात कोणत्या तोंडाने गेलो असतो? पुढे निवृत्त होईपर्यंत, संशयातून सुटलेल्या कोणालाही घरी पोचवताना मी नुसता 'हा निर्दोष आहे' असे म्हणून थांबलो नाही. घरच्या माणसांना उभे करून त्यांच्याकडे बघत सांगत आलो, 'हा कालही निर्दोष होता.'