ठेक्यातल्या माणसाची प्रोफाइल

भिलाईत कोणी विचारलं, नवरा काय करतो, तर सांगायचं, प्लांटमध्ये आहे. बस. रोज स्टील प्लांटच्या गेटच्या आत जाणारा प्रत्येक माणूस प्लांटमध्येच असतो, मग तो रेग्युलर, म्हणजे कंपनीचा पक्का असो, की ठेकेदाराचा. पुढचं कोणी खोदून विचारत नाही अन् आपणही सांगत नाही. आमचे हे ठेक्यात होते, ओव्हरहेड क्रेनच्या मेंटेनन्सले. लग्नाच्या बोलणीत ह्यांच्या लोकांनी "मुलगा प्लांटमध्ये आहे" एवढंच सांगतलं होतं, आणि माझे बाबा चरोद्याचे रेल्वेवाले, ते तेवढ्यातच खूश. मले खरं समजलं ते लग्नानंतर. तेव्हा खूब रडली मी. मंग मैत्रिणींले मीही तेच सांगू लागली.

सासरे मात्र रेग्युलर होते. ते गेल्यावरही सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर लीजवर आमच्याकडेच राहिलं, त्यामुळे शेजारीपाजारी कोणाले शंका यायचं कारण नव्हतं. आमच्या पोरीलेही आली नाही. तिनं लहानपणापासून बाप टिफिन घेऊन स्कूटरवर प्लांटात जाताना पाहिला होता.

मग ठेका बदलला. ह्या खेपेला नवा ठेकेदार स्वतःची तरणी पोरं घेऊन आला आणि ह्यांचा गेटपास बंद झाला. हे हथखोजच्या एकेका कारखान्याच्या गेटवर जाऊन आले. कोणी म्हणे नंतर या, कोणी वय विचारून पाणी पाजून परत पाठवे. ह्यांनी हाय खाल्ली. जेवायले बसले की ताटाकडे नुसते पाहत राहायचे. माझं डोकं फिरायचं, मी चिडून बोलायची, आणि बोलल्यावर मलेच वाईट वाटायचं.

पोरगी कॉलेजात. ती म्हणाली, आजकाल गेटवर उभं राहून नोकरी मिळत नाही पप्पा, ऑनलाइन प्रोफाइल लागते. रविवारी तिनं ह्यांले इस्त्रीचा शर्ट घालायले लावला, व्हरांड्यातल्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं आणि फोटो काढला. जरा हसा म्हणून ती थकली, पण हे काही हसले नाहीत. मग ती विचारत गेली आणि हे सांगत गेले. ब्रेक, वायर रोप, लिमिट स्विच, शटडाऊनमध्ये कशी कामं उरकायची, सारं. किती दिवसांनी ह्यांचा आवाज मोकळा झाला होता. बाई, मले वाटलं आता काही तरी होते.

तिनं सारं इंग्रजीत लिहिलं आणि आम्हाले मराठीत वाचून दाखवलं. कंपनीच्या जागी तिनं प्लांटचं नाव टाकलं होतं. आम्ही दोघांनीही ते नीट ऐकलं. देवाशपथ सांगते, आमच्या कानाले ते खोटं लागलंच नाही. जन्मभर जे बोलत आलो, तेच तिनं लिहिलं होतं. हे तर म्हणाले, छान लिहिलं बेटा.

थोड्याच दिवसांत गुजरातच्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांना क्रेनचाच माणूस पाहिजे होता. पोरीनं फोन स्पीकरवर ठेवला. तिकडचे साहेब हिंदीत कामाचं विचारत होते आणि हे धडाधड उत्तरं देऊन राहिले होते. साहेब खूश वाटले. राहायची सोयही होईल म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. शेवटी ते म्हणाले, बस, व्हेरिफिकेशनसाठी प्लांटचा पर्सनल नंबर सांगा.

पर्सनल नंबर रेग्युलर लोकांचा असतो. ह्यांच्याजवळ गेटपास होता, तोही जमा झालेला. ह्यांचं तोंड उतरलं. मी हातानं खुणावलं, काही तरी सांगा म्हणून.

"सर, मैं ठेके में था," हे म्हणाले.

साहेब वाईट बोलले नाहीत. प्रोफाइलवर तर वेगळंच लिहिलंय, इतकंच म्हणाले, आणि बघतो म्हणून फोन ठेवला. पोरगी बापाकडे पाहतच राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुले माहीत होतं?" मी मान हलवून हाव म्हटलं. ती उठून आतल्या खोलीत गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मले वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीच लॅपटॉप घेऊन ह्यांच्याजवळ बसली. म्हणाली, आता खरं लिहू, ठेकेदाराचं नाव सांगा. हे म्हणाले, कोणत्या ठेकेदाराचं? दर दोन-तीन वर्षांनी ठेका बदले. माणसं तीच, क्रेन तीच, फक्त मालकाचं नाव नवं. पहिल्याचं नाव तर ह्यांले आठवेचना. जेवढी आठवली तेवढी तिनं एकाखाली एक टाकली. मग ती यादी तिनं आम्हाले वाचून दाखवली. ज्या माणसानं सारी उमर एकाच शेडमध्ये काढली, तो तिथं कुठंच न टिकणारा दिसत होता.

पोरीलेही ते दिसलं. तिनं हळूच विचारलं, "पप्पा, इतक्या नोकऱ्या काहून सोडल्या असं कोणी विचारलं, तर काय सांगाल?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "आता कोणी नाही विचारत बेटा."

आणि त्यानंतर एक फोनही आला नाही, खरंच कोणी विचारलं नाही.