दारात बांधलेली गाडी

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, दातांकडे बघत. हरसूलच्या बाजारात जन्मभर बैलांचे व्यवहार केले, त्याची ही सवय. बैलाचं वय दातांवरून कळतं, तेच ते माणसालाही लावायचे. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी नवऱ्या मुलाच्या हातात उसाचं कांडं दिलं. पोरगं बिचारं इस्त्रीची पँट सांभाळत दातांनी ऊस सोलत बसलं. पाहुणे गेल्यावर दाजी म्हणाले, "देऊन टाका. जनावर निरोगी हाय." तो आज माझा जावई आहे. ऊस म्हटलं की अजून तोंड फिरवतो.

दुसरी गोष्ट, दाजींचा आवाज कधी चढला नाही. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, तिथं बोलायचं कामच नसतं. घरीही ते तेवढंच बोलत. माझं उलटं. तिसरीत मास्तरांशी वाजलं तेव्हा शाळा सोडली, पुन्हा त्या रस्त्यानं गेलो नाही. दाजी म्हणायचे, "मेव्हणं, तुम्ही बोलायला लागलात की समोरचा सावध होतो. मग त्याच्याकडून काय निघणार?"

त्या वेळी आमच्या मळ्यात गुलाब आणि झेंडू होता आणि फुलांना बरे दिवस आले होते. मी पांढरी व्हॅन घ्यायची ठरवली. धाकटा भाऊ म्हणाला, "फुलं वाहायला टेम्पो पुरे होता, दादा. नवरदेवाची गाडी कशाला?" मी ऐकलं नाही. त्या कंपनीचं दुकान तेव्हा नाशकात नव्हतं, पुण्याला जावं लागायचं. दाजींना बरोबर नेलं. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, चाकाला लाथ मारली आणि तिथल्या पोराला म्हणाले, "तोंड उघडा." त्यानं बॉनेट उघडलं. दाजींनी आत बघितलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण बघितलं नाही असं नको.

सहा महिने गाडी बरी चालली. मग पुण्यालाच सर्व्हिसिंगला दिली, आणि परत येताना चंदनापुरीच्या घाटात ती तापून उभी राहिली. त्यानंतर प्रत्येक चढाला तेच. बाजाराला निघालेली फुलं रस्त्यात सुकायला लागली. सातपूरच्या मिस्त्रीनं बघून सांगितलं, "पाण्याचा पंप त्यांनी उघडला होता, तो नीट बसवलेला नाही. पण मी हात लावला तर ते म्हणतील बाहेर उघडली, गॅरंटी गेली. त्यांच्याकडंच न्या."

मी फोन केले. साहेब मीटिंगमध्ये. मग एसटीनं पुण्याला गेलो, काउंटरवर ओरडून आलो. पुन्हा गेलो, पुन्हा ओरडलो. शेवटी तिथला टायवाला मॅनेजर म्हणाला, "काका, गाडीत दोष नाही. तुमची चालवायची सवय चुकीची आहे."

मी अर्धं आयुष्य ट्रॅक्टर चालवलेला माणूस. गाडी दुरुस्त होवो न होवो, त्या माणसाच्या तोंडून 'चूक आमची' एवढं ऐकल्याशिवाय मला जेवण जाईना. भाऊ रोज गाडीकडे बघून हसायचा, ते वेगळंच.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "घेतलेल्या बैलात खोड निघाली तर आपण काय करतो?"

"देणाऱ्याच्या दारात नेऊन बांधतो."

"मग? तुम्ही मोकळ्या हातानं का गेला?"

आमच्याकडे ही रीतच आहे. खोडीचा बैल विकणाऱ्याच्या दारात बांधायचा आणि आपणही तिथंच बसायचं. निकाल लागेपर्यंत बैलाची वैरण त्याची आणि आपलं जेवणही त्याचं. भांडायचं नाही, बैलाची निंदा करायची नाही. फक्त बसायचं.

गाडी थांबवत, पाणी ओतत आम्ही पुण्याला पोचलो. दुकानासमोर मी गाडी लावली. दाजींनी पिशवीतून बैलाचं दावं काढलं, एक टोक पुढच्या बंपरला बांधलं आणि दुसरं दुकानाच्या काचेच्या दाराच्या मुठीला. मग पायरीवर उपरणं अंथरून बसले.

वॉचमन धावत आला. "बाबा, गाडी कुणी बांधतं का?"

"चांगली नाय बांधत," दाजी म्हणाले.

मी तोंड उघडायला गेलो तर त्यांनी माझा गुडघा दाबला.

गिऱ्हाइकं दाव्यावरून पाय टाकून आत जात होती. एक मंचरकडचे शेतकरी बायकोला घेऊन, नारळ-हार घेऊन नवी गाडी न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं पाव्हणं?"

"काय नाय. चढाला बसती."

चालता चालता खाली बसणारा बैल कसा असतो ते त्यांना सांगावं लागलं नाही. ते गाडीकडे बघत राहिले, मग बायकोला म्हणाले, "चल, आधी चहा घेऊ." ते काही परत आले नाहीत. त्यांचा हार पायरीवरच राहिला.

तेव्हा मॅनेजर बाहेर आला. "काका, आत या, एसीत बसून बोलू."

"जनावर बाहेर टाकून कसं येऊ?" दाजी म्हणाले. "आणि साहेब, जेवायची वेळ झाली. तुमच्याकडं आज काय केलंय?"

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी रीत सांगितली. माझ्या आयुष्यात एवढं हळू मी पहिल्यांदाच बोललो असेन. त्याला हसू आलं असावं, किंवा काय करावं ते सुचलं नसावं. त्यानं स्वतःचा डबा आणला. मेथीची भाजी होती. दाजींनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "मालकिणीच्या हाताला चव हाय. आता असं करा, आमचं काय ऐकू नका. तुम्हीच हाका आणि बघा."

दाजींनी दावं सोडलं. मॅनेजर गाडीत बसला, मी शेजारी, दाजी मागं. कात्रजच्या चढाला निम्म्यावर पोचलो आणि गाडी बसली. वाफेचा लोट आला. मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या द्यायला लागले. मॅनेजरनं टाय काढून खिशात कोंबला आणि आमच्या कॅनमधलं पाणी आणलं. दाजी मागच्या खिडकीतून सावकाश म्हणाले, "साहेब, तुमची चालवायची सवय कशी हाय?"

त्यानं वाकून पंपाखालून गळणारं पाणी बघितलं. मग म्हणाला, "चूक आमची आहे, काका. पंप आमच्याच लोकांनी नीट बसवलेला नाही."

ट्रकच्या आवाजात नीट ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा म्हणायला लावणार होतो. दाजींनी मागून खांद्याला धरलं. "झालं. आता त्याला बोलू नका. आपल्या गिऱ्हाइकासमोर मान खाली घातली त्यानं, सोपं नसतं ते."

पंप बदलून मिळाला. दुसऱ्या दिवशी निघालो तर चंदनापुरीचा घाट गाडी एका दमात चढली. मी गाणं म्हणायच्या बेतात होतो. दाजी शेजारी खिडकीतून बाहेर बघत होते. घाटमाथ्यावर आल्यावर म्हणाले, "मेव्हणं, एक सांगू? चढाला तुम्ही गिअर उतरवायला लय उशीर करता. टायवाला तेवढं खरं बोलला होता."

"मग तिथं का नाही बोललात?"

"तिथं कसं बोलणार? तिथं तुम्ही माझं पाव्हणं होता."

सिन्नरपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. तिथं त्यांनी चहा मागवला आणि माझ्या बशीत स्वतः ओतून दिला, तेव्हा बोललो.

दाजी जाऊन आता काही वर्षं झाली. ताप आला, दोन दिवसांत गेले, आवाजही न करता. आता गाडी दुसरी आहे. मुलाचं घर इंदिरानगरला, तिथं जाता-येता कधी कधी सून शेजारी बसते. परवा त्र्यंबकच्या वाटेवरच्या चढाला ती म्हणाली, "मामंजी, गिअर उतरवा ना, इंजिन रडतंय." मी म्हटलं, हे मला सांगायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि त्यानंही आपला मुलूख लागेपर्यंत ते पोटात ठेवलं होतं.

चढ संपेपर्यंत मी गिअर उतरवला नाही.