बाबांसाठी मोकळे ठेवलेले दहा मणी

हे लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. असे अनुभव लिहिणारी माणसं श्रद्धेत मुरलेली असतात, असं मला वाटतं. मी तशी नाही. ज्या संध्याकाळबद्दल सांगणार आहे, तिच्या आधीचे चार महिने मी प्रार्थनेला नुसती बसत होते. ओठ हलत होते, पण आत काहीच नव्हतं. होती ती एक लाज.

आम्ही चिखलोलीला चाळीतल्या दोन खोल्यांत राहतो. बाबा जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर कंत्राटी हेल्पर होते, सायकलने जायचे. आई उल्हासनगरहून जीन्सच्या पँटींचे गठ्ठे आणते आणि घरी बसून शिलाईचे सुटे धागे कापते. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यावर निळा कोंडा असतो. देवघराच्या फळीवरच्या मारियामातेच्या पांढऱ्या झग्यावरसुद्धा. धाकटी बहीण करुणा आठवीत आहे आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मीच पहिली. हे बाबा अभिमानाने सगळ्यांना सांगत असत, आणि मी ते घरात कोणाला विसरू देत नव्हते.

संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे जपमाळेची प्रार्थना होते. तिची पाच रहस्यं असतात, म्हणजे प्रभूच्या आयुष्यातल्या पाच प्रसंगांवर दहा-दहा मणी. प्रत्येक मण्याला एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली अर्धी म्हणून ती पुरी करायची. रहस्यं पाच आणि आम्ही चौघं, म्हणून पहिलं आणि पाचवं बाबांचं असे. दुसरं आईचं, तिसरं करुणाचं, चौथं माझं. मोजणीत बाबा फार कडक. कोणी नवव्या मण्यावरच थांबलं तर ते डोळे न उघडता माळेवर टिचकी मारायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकल होती आणि जर्नल अर्धं राहिलं होतं. सात वाजले तसे बाबा म्हणाले, "चल गं, पाच मिनिटं."

"पाच नसतात बाबा, पंचवीस असतात," मी म्हणाले. करुणा फिसकन हसली. बाबाही हसले, पण मी थांबले नाही. "रोज तेच तेच, पन्नास वेळा. पोपटसुद्धा कंटाळेल. तुम्हाला तरी कळतं का त्यातलं काही?"

बाबा चौथी शिकलेले. मी हे कॉलेजच्या तोऱ्यात बोलते आहे, ते त्यांना कळलं असणार. ते थोडा वेळ माळ चाचपत राहिले आणि म्हणाले, "नाही कळत बाई सगळं. म्हणून तर रोज म्हणतो."

मी कानात हेडफोन घातले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. सकाळी कामावर निघताना बाबा सायकलचं कुलूप काढायला वाकले आणि तिथेच कोसळले.

लकव्याचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू थोडे हलू लागले, पण वाचा गेली. समोरचं सगळं त्यांना समजत होतं, बोलायला गेले की मात्र एकच शब्द बाहेर येई, "ते". पाणी हवं असलं तरी ते, टीव्ही बंद करायचा असला तरी ते. करुणा त्यांची चेष्टा करायची, "बाबा, नीट सांगा, यातलं कोणतं ते?" आणि बाबा अर्ध्या ओठाने हसायचे. मला ते हसू बघवत नसे. त्यांचं माझ्याशी बोललेलं शेवटचं धड वाक्य त्या संध्याकाळचं होतं, आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मला माफी मागायची होती. पण ज्याला उलट दोन शब्द बोलता येत नाहीत अशा माणसाची माफी मागणं मला पळवाट वाटे. ते रागावले तरी कळणार कसं? म्हणून मी मनात ठरवलं होतं, बाबा बोलायला लागले की सांगेन. दिवस जात होते आणि ते बोलत नव्हते.

आईने जपमाळ एक दिवसही चुकवली नाही. पहिलं रहस्य ती म्हणू लागली, पाचवं मात्र तिने कोणाला दिलं नाही. मी म्हणते, असं मी एकदा सुचवलं तर धागे कापायची कात्री खाली ठेवून म्हणाली, "ते त्यांचं आहे. त्यांच्या जागेवर कोणी बसायचं नाही." मग रोज असं व्हायचं. जीन्सच्या गठ्ठ्यांना टेकून बसलेले बाबा डाव्या हाताने एक मणी सरकवायचे. जिथे त्यांचे शब्द असायचे तिथे आम्ही गप्प राहायचो. आणि मग तिघी मिळून उरलेली अर्धी म्हणायचो, "पवित्र मरिये, देवाच्या माते..." असं दहा वेळा. कोणी न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं, तसं वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्याचा रागही यायचा.

बुधवारी मी बाबांना उल्हासनगरला स्पीच थेरपीला नेत असे. तिथल्या मॅडम चित्रांचे पत्ते दाखवायच्या. चप्पल, केळं, छत्री. बाबा घामाघूम होऊन म्हणायचे, 'ते'. एकदा बाहेर नंबरची वाट बघताना मी त्यांना सारखं विचारत होते, "बाबा, हे काय? बोला ना, पेन. पे-न." शेजारच्या बाकावर एक सिंधी आजी सुनेबरोबर बसल्या होत्या. त्या बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बेटा, मास्टरनी है क्या? कितना सताएगी बाप को."

मी ओशाळले. त्या जवळ सरकल्या. त्यांचे यजमान असेच दोन वर्षं मुके होते, असं सांगितलं. "पर झूलेलाल का पंजड़ा मैं गाती, और बीच में भूल जाती, तो वो आगे का गा देते. मेरी गलती उनसे सहन नहीं होती थी." पंजडा म्हणजे त्यांच्या झूलेलाल देवाचं भजन. मग माझ्या हातातलं पेन काढून माझ्याच पिशवीत टाकत म्हणाल्या, "पूछो मत. साथ में बोलो, और तुम भूल जाओ." तेवढ्यात त्यांचा नंबर आला. पुढच्या बुधवारी मी त्यांना शोधलं. त्या दिसल्या नाहीत, नंतरही कधी दिसल्या नाहीत.

आजी भेटल्या त्या संध्याकाळपासून मी माझ्या रहस्यात मुद्दाम अडखळू लागले. 'नमो मरिये' म्हणायचं आणि विसरल्यासारखं थांबायचं, चोरून बाबांकडे बघायचं. काहीच झालं नाही. आठवडाभरानंतर आईने विचारलं, "झोप होत नाही का तुझी?" मारियामातेसमोर मी नाटक करते आहे, याची मला शरम वाटली आणि मी ते सोडून दिलं.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला एक शुक्रवार होता. शुक्रवारची, म्हणजे प्रभूच्या दुःखाची रहस्यं चालली होती. आमच्या चर्चमधल्या फादरना मी त्या आठवड्यात पापनिवेदनात हे सगळं सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाबांना?" तो प्रश्न मी तीन दिवस बरोबर घेऊन फिरत होते. चौथं रहस्य आलं, क्रूस वाहण्याचं. मी सुरुवात केली. सहा मणी झाले. सातव्याला "नमो मरिये कृपापूर्णे" एवढं म्हटलं, आणि समोर बाबांचा माळेवरचा हात दिसला, बोटांच्या रेषांत निळा कोंडा बसलेला. बसल्या बसल्या ते डाव्या हाताने आईला धागे ओढून देऊ लागले होते. या वेळी मी खरोखर पुढे जाऊ शकले नाही. शब्द आठवतच नव्हते. मी मनात मारियामातेला म्हणाले, आता तूच बघ, माझ्याने होत नाही.

आणि गठ्ठ्यांच्या बाजूने जाडसर, घासलेला आवाज आला. "प्रभू तुझ्याबरोबर आहे."

बाबांनी ओळ शेवटपर्यंत नेली. आईच्या हातातली माळ मांडीवर पडली. उरलेली अर्धी म्हणायला कोणालाच सुचेना. बाबांनी माळेवर टिचकी मारली. करुणाने रडत रडत सुरू केलं, "पवित्र मरिये..."

ती पुरी झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला पोपट..." बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "ते," ते म्हणाले. "ते, ते." मग डाव्या हाताची तीन बोटं वर केली. माझे तीन मणी राहिले होते.

मी ते तीन म्हटले. त्यानंतर पाचवं रहस्य बाबांनी स्वतः म्हटलं. काही शब्द गळले, काही घरंगळले, पण दहाच्या दहा मणी भरले. चार महिने आम्ही ज्या शांततेला उत्तर देत होतो, तिथे आता त्यांचा आवाज होता. प्रार्थना संपल्यावर आईने डोळे पुसत विचारलं, "चहा टाकू?" बाबा म्हणाले, "ते." आम्ही सगळेच हसलो.

थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, असं होतं, पाठ झालेले शब्द मेंदूत वेगळ्या जागी राहतात. मी विज्ञान शिकते, मला ते पटलं. पण ते शब्द त्या जागी रोज सात वाजता कोणी नेऊन ठेवले आणि मी हेडफोन घालून बसले असताना कोणी सांभाळले, हा विचार केला की माझी मान खाली जाते. जे शब्द मी हसण्यावारी नेले, त्यांतूनच बाबा माझ्याकडे परत आले. तेही मी युक्ती करत होते तेव्हा नाही, तर हात टेकले तेव्हा.

बाबा अजून धड बोलत नाहीत. 'आई' म्हणतात, 'दार' म्हणतात, बाकी सगळ्याला 'ते'. परवा करुणाची चाचणी होती. सात वाजले तरी पुस्तक मांडीवर घेऊन ती कुरकुरली, "ताई, रोज तेच तेच का गं? तुला तरी कळतं का सगळं?"

"नाही कळत सगळं," मी म्हणाले. "म्हणून तर रोज म्हणते."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. अर्ध्या ओठाने हसले आणि माळेवर टिचकी मारली. मी करुणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि माझा मणी हातात घेतला.