दुधाच्या पावडरीचा डबा

"ए भूकंप! टाकीवर जा. भरली की ओरड."

लातूरच्या त्या क्लासमध्ये सगळ्यांना नावं होती. मला हे होतं. गाव पडलं, आई दगडांखाली गेली, म्हणून सरांनी मला फुकट घेतलं होतं. पेपरात फोटोही छापून आणला होता. दर रविवारी खाली चाचणी चालायची आणि मी गच्चीवर उन्हात टाकीत बघत बसायचे. मला फक्त चाचणीला बसायचं होतं.

मग डोकं चालवलं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मदतीत आलेला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा होता. आत खडे भरले, झाकण डांबरानं बंद केलं. दोरीनं टाकीत सोडला, दोरीचं दुसरं टोक मोटरच्या खटक्याला. डब्याच्या वजनानं खटका ओढलेला, मोटर चालू. टाकी भरली की डबा तरंगायचा, दोरी सैल, मोटर बंद. कुठं थांबायचं ते डब्याला कळायचं. मी खाली येऊन चाचणीला बसले. तिसरी आले.

पंधरा दिवसांनी नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनात तोच डबा एका पिंपात लटकत होता. पाटीवर सरांच्या पुतण्याचं नाव. मला नेलं होतं बादल्या उचलायला.

"सर, ह्यो डबा माझा हाय."

सर पाहुण्यांकडे बघून हसले. "भूकंपात जीव वाचला तेवढं बास की. आता डोकं पण पाहिजे का तुला?"

सगळे हसले. पुतण्याही.

मी पिंपात हात घातला, दोरी तोडली, डबा काढला. मोटर बंद. परीक्षक पुतण्याला म्हणाले, "चालू करून दाखव." तो काकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आजही वाटतं.

"डबा दे इकडं."

"न्हाई देत."

दुसऱ्या दिवशी क्लासमधून हाकललं. शेडमध्येच शिकले. आपली चूक ओळखून सुधारणारी यंत्रं घडवण्यात पुढं उभा जन्म गेला.

परवा सरांचा फोन आला. क्लास आता पाच मजली आहे. "मॅडम, तुम्ही तर आमच्याच. प्रवेशालाच कच्ची पोरं हुडकून बाजूला काढंल, असं काहीतरी एआयचं करून द्या की."

"भूकंप म्हणा, सर. सवय हाय मला."

सर कसंनुसं हसले.

"करायलेय मी एक यंत्र," मी म्हणाले. "तुम्ही बाजूला काढलेल्या पोरांना शिकवायला. फुकट. फोटो न छापता."

फोन मीच ठेवला. ते पाचही मजले ओस पडलेले मला बघायचे आहेत. डब्याला थांबायचं कळत होतं. मला कळत नाही.