कोळशावरची मोटार

आमच्या दहिवलीच्या अंगणात पहिली मोटार येऊन उभी राहिली तेव्हा सगळी आळी बघायला लोटली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं पुढे तीन-चार वर्षं टिकलं. या वयात बायका तीर्थयात्रेच्या गोष्टी सांगतात. मी ही सांगते, आणि ती चांगली नाही हे आधीच सांगून ठेवते.

मोटार माझ्या धाकट्या दिराची. लढाईच्या आधी तो मुंबईत एका गॅरेजात कामाला होता. तिथली एक मोडीत निघालेली लॉरी त्यानं आणली, गावच्या सुताराकडून तिच्यावर लाकडी सांगाडा चढवून घेतला, दोन्ही अंगांना बाकं ठोकली आणि कर्जत स्टेशन ते खालापूर अशी सर्व्हिस सुरू केली. त्याच रस्त्यावर माझे मालक वीस वर्षं छकडे हाकत होते. तीन छकडे, सहा बैल. आगगाडीतून उतरलेला माणूस खालापुराकडे जाणारा असला की आधी आमच्याकडे यायचा. आता स्टेशनाबाहेर भोंगा वाजला की आमच्या छकड्यात बसलेला माणूससुद्धा बोचकं काखेत मारून खाली उतरायला लागला.

यावर मालकांचं म्हणणं काय, तर "भावाचंच हाय ना गं? परक्याचं हाय का?"

माणसानं इतकं भलं असू नये. भल्या माणसाच्या बायकोला दोघांच्या वाटणीचं जळावं लागतं, आणि मी ते काम मनापासून केलं.

पण छकड्यांपेक्षाही मला सलायची ती माझी जाऊ. तिचं माहेर चौकचं, म्हणजे मोटारीच्या वाटेवरच. मनात आलं की ती दिराच्या शेजारी पुढच्या जागेवर बसायची, आईला भेटायची आणि दिवेलागणीच्या आत घरी परत. मी माहेरी जायची वर्षातून एकदा, पेंढा घातलेल्या छकड्यात, धक्के खात. उतरले की दोन दिवस कंबर धरून बसायची. धाकटी मोटारीतून उतरायची तेव्हा तिच्या केसातलं फूलसुद्धा हललेलं नसायचं. मी मुद्दाम बघायची.

ती मला बोलवायची, तेही खोटं नाही. "बाई, चला की आज. तुमी पुढं बसा, मी मागं बसते. गार वारं लागतं."

"मला मोटारीत मळमळतं," मी म्हणायची. मोटारीत मी एकदाही बसले नव्हते.

तिनं एखादा शब्द तरी वाकडा बोलावा, निदान जरा तोरा मिरवावा, म्हणजे मला भांडता येईल, अशी मी वाट बघत राहिले. बाई कधी सापडलीच नाही. दसऱ्याला मोटार धुऊन झेंडूच्या माळा चढवल्या आणि आता ही पूजेला बसणार म्हणून मी चुलीपाशी फुगून बसले, तर ताट घेऊन माझ्यासमोर हजर. "बाई, पयलं कुंकू तुमचं. तुमी थोरल्या." मी उठले आणि मोटारीच्या नाकाडाला एवढंसं बोट टेकवलं. शेजारणी संध्याकाळभर धाकटीच्या वळणाचं कौतुक करत होत्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटार अंगणात उभी राहिली, पावसाळाभर तिच्या खाली आमच्या कोंबड्या बसल्या. त्या दिवसांत माझा चेहरा उजळला होता असं मालक म्हणायचे. मी बैलांना गूळ चारायची. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवून "होईल गं सगळं नीट" म्हणायची, आणि मनात म्हणायची, देवा, घाई करू नकोस.

देवानं घाई केली. दिवाळी झाली आणि दीर मुंबईहून एक लोखंडी पिंप घेऊन आला, माणसाच्या उंचीचं. ते मोटारीच्या पाठीला बांधलं. पिंपात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात जातो आणि त्यावर मोटार चालते, असं त्यानं आम्हाला समजावलं. गाव आधी हसलं. मग त्यात बसायला लागलं. सकाळी निघायच्या आधी अर्धा तास पिंपाचा पंखा हातानं फिरवावा लागायचा. ते काम धाकटी करायची. तोंड काळंठिक्कर, घामानं ओघळ आलेले, आणि तरी हसत असायची. मला वाटलं होतं, आता तरी ती वाईट दिसेल.

कोळसा आणायची एक कातकरीण. वरच्या रानात ती आणि तिचा नवरा भट्टी लावायची. माल असा की दोन तुकडे एकमेकांवर मारले तर खणकन वाजावेत. ती प्रत्येक पोतं सोडून दाखवायची, "वाजवून घ्या बाय," म्हणायची. कोळसा कोरडा ठणठणीत हवा, ही दिराची एकच अट. घरातल्या सगळ्यांना त्यानं बजावून ठेवलं होतं, "वैनी, कोळशाला पानी लागलं का गाडी चढाला मेलीच समजा." मी मान डोलावली होती. माझ्या अशा गोष्टी लक्षात राहतात.

त्याच सुमाराला परमिटचं आलं. आता एका रस्त्यावर एकालाच मोटार चालवायची परवानगी मिळणार होती. आमच्या रस्त्यासाठी पनवेलकडच्या एका शेठनंही अर्ज केला होता. त्याच्या दोन मोटारी होत्या आणि पेट्रोल त्याला कुठूनतरी मिळायचं. परमिटचा साहेब एके दिवशी येणार, कर्जतहून आमच्या मोटारीत बसणार, आणि ही कोळशाची गाडी ठरल्या वेळात खालापूरला पोचते का ते बघणार. पोचली तर रस्ता आमचा. नाही पोचली तर शेठचा, आणि मग मोटार कायमची बंद. हे दिरानं जेवताना सांगितलं. मालक म्हणाले, "पोचंल की. न पोचायला काय झालं?" मी भाकरी थापत होते. ती तव्यावर करपली.

साहेब यायचा त्या दिवशी मी नेहमीसारखी पहाटे उठून सडा घालायला गेले. आमच्या घरी सडा थोरल्या सुनेचा, तिथे धाकटी हात लावायची नाही. आदल्या संध्याकाळी दिरानं पिंप भरून ठेवलं होतं आणि वाटेत घालायची दोन पोती मोटारीशेजारी अंगणातच काढून ठेवली होती. मी सडा घालत घालत तिथवर आले आणि हात जरा लांब गेला. पोत्यावर पाणी पडलं. मी थांबले. इकडेतिकडे बघितलं. पुन्हा एकदा हात लांब केला, या खेपेला मुद्दाम. मग आत जाऊन भरलेली घागर आणली आणि दोन्ही पोत्यांवर रिकामी केली.

कुणी विचारलंच तर सांगायला कारण तयार होतं, की कोळशाची धूळ उडते, ती बसावी म्हणून पाणी मारलं. कुणी विचारलं नाही. सड्यानं सगळं अंगणच ओलं होतं आणि कोळशाचं पोतं मुळातच काळं, त्याला ओल दिसत नाही. दिरानं पोती उचलून मोटारीवर टाकली. धाकटी पंखा फिरवायला लागली. मी दारात रांगोळी काढली, काम फत्ते व्हावं म्हणून दही-साखर दिराच्या हातावर ठेवली. होय, तेही केलं.

पुढचं मला मालकांनी सांगितलं. कर्जतहून मोटार झकास निघाली, कारण पिंपात आदल्या दिवशीचा कोरडा कोळसा होता. साहेब खूश होता. वाटेत दिरानं पोती पिंपात रिकामी केली आणि चौक गावाच्या अलीकडे, चढाच्या मध्यावर, मोटार धापा टाकून उभी राहिली. पिंपातून नुसती वाफ. सोबत गेलेल्या धाकटीनं पंखा फिरवून फिरवून हाताची सालं काढून घेतली. माणसांनी उतरून ढकलून बघितलं. साहेब रस्त्याच्या कडेला उभा राहून घड्याळ बघत होता, तेवढ्यात मागून आमचाच छकडा आला. हाकायला मालक. शेवटी साहेब आमच्या छकड्यात बसून खालापूरला गेला.

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते लिहिते. मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तोंड फिरवून मी चुलीत फुंकर घातली.

मोटार घरी आली तीही आमच्या दोन बैलजोड्या लावून. दिरानं पोत्यातला उरलेला कोळसा जमिनीवर ओतला आणि हातात घेतला. तो वाजत नव्हता. दुसऱ्या दिवशी कातकरीण आली तेव्हा त्यानं तिच्यासमोर ते तुकडे टाकले. वजन भरायला पाणी मारलंस, माझा रस्ता घालवलास, म्हणून तो तिला नको ते बोलला. ती शांतपणे म्हणाली, "पानी आमी नाय मारलं. तुमीच वाजवून घेतला व्हता ना?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण माल घेताना मी शेजारी उभी असायची. मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं.

मी बोलले. "यांचं हे असंच असतं," म्हणाले.

तिनं रिकामी पोती गोळा केली आणि ती गेली. त्यानंतर कर्जतच्या बाजारात ती मला दिसायची. मी दुसऱ्या बोळातून वळायची.

काही दिवसांनी सरकारी कागद आला. दोघं भाऊ पडवीत बसले होते, धाकटी तांदूळ निवडत होती. घरात चार इयत्ता शिकलेली मी एकटी. दिराला गॅरेजात राहून आकडे तेवढे कळायचे. अर्जसुद्धा त्यानं कर्जतच्या एका कारकुनाकडून लिहून घेतला होता. काय आलंय ते सगळ्यांना ठाऊकच होतं, तरी वाच म्हणाले. मी बाळबोध अक्षरातला तो कागद उघडला आणि मोठ्यानं वाचू लागले. कर्जत-खालापूर रस्त्यावर मोटार चालवण्याचं परमिट मिळण्याबाबत अर्जदार, आणि पुढे नाव होतं. मी थांबले.

नाव माझ्या मालकांचं होतं.

ते नाव मी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. धाकटीनं सुपावरून मान वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "बाई, अडलात व्हय? उखाण्यात घ्या, म्हंजे झालं." मालकसुद्धा हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं. भावाकडे बघून म्हणाले, "माझं नाव कशापायी रं?"

"बैल म्हातारं झालं, दादा," दीर म्हणाला. "तुमी किती दिस धुळीत हाकणार? परमिट तुमच्या नावावर घेऊ म्हनलं, मी ड्रायव्हर ऱ्हाईन. आधी बोललो असतो तर तुमी नाय म्हनला असता." मग धाकटीकडे हात करून म्हणाला, "हिचंच डोकं ते. थोरल्याचं नाव आधी, म्हनली."

मी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, मी लाजले. मालकांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि कोनाड्यात ठेवला. पुढे तो रस्ता शेठच्या मोटारींनी घेतला, त्यात छकडेही गेले. घागरीची गोष्ट मी मालकांना सांगितली नाही, दिराला नाही, धाकटीलाही नाही. आता ती तिघंही नाहीत.

त्या दिवशी पडवीत मला रडू आलं ते पस्तावा म्हणून, असं लिहिता आलं तर बरं वाटेल. पस्तावा नंतर आला. आधी आला तो हेवाच, आणि आजवरच्या सगळ्याहून मोठा. समोर सुपातले खडे वेचत बसलेल्या त्या बाईकडे मी बघत होते. ती जे करून बसली होती, ते मला साधलं नसतं. तिच्या जागी मी असते तर थोरल्याचं नाव त्या अर्जावर पडू दिलं नसतं.