मे महिन्यातली बर्फगाडी आणि तिची डावी चाकं

साताऱ्याहून निघताना बायकोने पिशवीत स्वेटर कोंबला. महिना मे, मुक्काम नागपूर! डब्यातले प्रवासी माझ्याकडे रुग्णाकडे पाहावं तसे पाहत होते.

माझे साडू मधुकरराव यांनी कळमन्याजवळ संत्र्यांचं जुनं शीतगृह भाड्याने घेऊन त्यात कृत्रिम बर्फ पसरला होता आणि त्यावर फिरायला एक बर्फगाडी आणली होती. पुढे घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, पट्ट्याच्या पोटात रबरी चाकं. वर्षभर टिकायची ती चाकं आठवड्यात झिजत होती. आता शेवटचा जोड बसवलेला. पुढचा परदेशातून यायला दोन महिने. तोवर शाळांच्या सुट्ट्या संपणार आणि साडूंचा धंदाही. मी पिठाच्या गिरण्या दुरुस्त करतो, एवढ्या पुण्याईवर मला बोलावणं!

स्टेशनबाहेर ऊन अंगावर धावून आलं. तर्री-पोहे (वर हरभऱ्याचा जाळ रस्सा) खाल्ले आणि आतलं-बाहेरचं तापमान सारखं झालं.

शीतगृहात स्वेटर चढवला. बर्फाला चक्क संत्र्यांचा वास! गाडी आडवी केली. उजवी चाकं टवटवीत, डावी टकली व्हायला लागलेली.

“डावीलेच काय रोग झाला, समजून नाही राहिलं भाऊ,” साडू म्हणाले. “पट्टा ताणला, सैल केला, फेऱ्या उलट्या फिरवल्या. लिंबूही बांधलं!”

दुपारपर्यंत मीही बेअरिंगं फिरवून हात काळे केले. मग आमच्या सासूबाई दोन मैत्रिणींसह डबा घेऊन आल्या. सांबारवडी (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर) संपल्यावर तिघींना फेरी हवी झाली. साडू पुढे बसले. मागे तिघी साड्या सावरून, सगळे पाय डावीकडे. गाडी डावीकडे कलली आणि ‘सापडलं!’ म्हणत मी बर्फावर नाचलो.

“सासूबाई, दोन्हीकडे पाय टाकून बसा!”

“काहून जी जावईबापू? जन्मभर स्कूटरवर अशीच बसली मी.”

“मग निदान उजवीकडे तोंड करा.”

“तिकडं काय भिंत पाहू? फोटोवाला इकडं उभा आहे नं!”

म्हणजे रोजची गिऱ्हाइकंही साडूंनी ठेवलेल्या त्या फोटोवाल्याकडे तोंड करून अशीच बसत होती! आम्ही दोघा जावयांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फोटोवाल्याला स्टुलासकट उचलून उजवीकडे ठेवलं. पुढच्या फेरीला सासूबाईंनी कुणी न सांगता पाय उजवीकडे सोडले. तेव्हापासून फोटोवाला सकाळी डावीकडे, जेवणानंतर उजवीकडे. आठ दिवस राहिलो. चाकं जशीच्या तशी. साडूंनी लिंबू सोडून सरबत केलं.

परतीच्या वाटेवर वाटलं, आपण उगाच यंत्राच्या पोटात शिरतो. आधी वर कोण बसलंय ते पाहावं. घरी आलो तर आमच्या सोफ्याची डावी बाजू खचलेली. इतकी वर्षं मी सुताराला शिव्या घालत होतो! उत्साहात डाव्या कोपऱ्यातला टीव्ही उजव्या कोपऱ्यात नेला.

बायको स्वेटर झटकत म्हणाली, “जागेवर ठेवताय, की आईला बोलावू?”

ठेवला.