नाचणाऱ्यांच्या डोक्यावरचं कडं

दुपारी एकच्या रिहर्सलमध्ये वर कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. बँड जोरात चालू होता, त्यामुळे बहुतेकांना तो ऐकूच आला नाही. मला आला. मी वर बघितलं.

वर ॲल्युमिनियमचं एक अवाढव्य कडं टांगलेलं होतं. त्याच्या आत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढं मोठं, आणि सगळीकडून दिवे लावलेलं. टीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांचा सोहळा होता. सुरुवातीच्या गाण्यात हे कडं हळूहळू खाली येणार आणि त्याच्या बरोबर खाली बारा डान्सर्स नाचणार, असा बेत होता. शो पाच वाजता लाइव्ह जाणार होता. लॉस एंजेलिसमध्ये ऊन असतानाच हा सोहळा सुरू होतो, कारण तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजलेले असतात.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. नागपूरहून येऊन मला सहा वर्षं झाली होती. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता तो. आमची कंपनी लहान होती, फ्रँक तिचा मालक. असल्या शोजसाठी टांगलेल्या वस्तूंची आणि पुलांचीही तपासणी ती करून द्यायची. कागदावर इंजिनिअरची सही झाली की सगळे निश्चिंत. या कड्याच्या कागदावर माझी सही होती.

आता खरं सांगते. ती सही मी खालून केली होती.

मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, कारण माझं बाकीचं काम टेबलावरचं. दोन दिवसांपूर्वी मी स्टेजवर उभी राहून दुर्बिणीने चारही केबल्स बघितल्या, ड्रॉइंग ताडून बघितलं आणि सही केली. वर जाण्याची शिडी पंचावन्न फुटांची होती. 'खालून सगळं दिसतंय की,' असं मी स्वतःलाच सांगितलं होतं.

बँड थांबल्यावर मी लूकडे गेले. लू म्हणजे मुख्य रिगर, वर वजनं टांगणाऱ्या माणसांचा प्रमुख. साठीचा, कमी बोलणारा.

"तू आवाज ऐकलास?"

"ऐकला," तो म्हणाला. "स्टील गरम झालं की बोलतं. दिवे आत्ताच लावलेत."

"की काही सरकलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू वर जाऊन बघितलं होतंस ना?"

मी म्हटलं, "मी एक फोन करून येते."

लॉबीतल्या पेफोनवरून मी घरी विवेकला, माझ्या नवऱ्याला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "आता शो थांबवला आणि काहीच निघालं नाही, तर फ्रँक मला ठेवणार नाही. ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्या नावावर आहे, विवेक. आणि काही निघालं तर सही माझी आहे."

तो म्हणाला, "अगं, पण खाली माणसं नाचणार आहेत ना?"

मी फोन ठेवला. हेल्मेट घातलं.

शिडी चढताना मी पायऱ्या मोजल्या. चाळीसनंतर मोजणं जमेना. तळहात इतके घामेजले की प्रत्येक पायरीवर एकेक हात पँटला पुसावा लागत होता. लू माझ्या मागून येत होता. मी थांबले की तोही थांबायचा. वर पोचल्यावर पुढे लोखंडी जाळीची अरुंद वाट होती. जाळीतून थेट खाली स्टेज दिसत होतं. खालची माणसं बोटाएवढी. मी तिथेच खाली बसले आणि हातापायांवर रांगत पुढे गेले. आजही ते आठवलं की गुडघे दुखतात.

तिसऱ्या केबलपाशी पोचले आणि भीती अचानक बदलली. आता स्वतःच्या पडण्याची आठवणही राहिली नाही.

प्रत्येक केबल छताच्या बीमला एका क्लॅम्पने धरलेली होती. क्लॅम्प म्हणजे लोखंडी चिमटा, बोल्टने घट्ट आवळायचा. हा चिमटा बीमवरून चार बोटं सरकला होता. जुन्या जागेवर रंग खरवडल्याचा ताजा, चकचकीत ओरखडा. एसीच्या डक्टच्या मागे होता, दुर्बिणीतून कधीच दिसला नसता. केबल हाताने हलवली तर ढिली लागली.

चार पायांच्या टेबलाचा एक पाय जमिनीला टेकत नसला की वजन उरलेल्या तीन पायांवर सारखं पडत नाही. बहुतेक समोरासमोरच्या दोन पायांवर जातं. इथेही तेच. चार केबल्सचं वजन दोनच केबल्स उचलत होत्या.

"लू, स्टेज रिकामं कर," मी म्हटलं.

खाली उतरले तेव्हा हॅरिएट शिडीशी उभी होती. शोची प्रोड्यूसर. हातात स्टॉपवॉच.

"काय चाललंय? मला अडीच तासांत ऑन एअर जायचंय."

"कडं खाली उतरवायचं. ते वापरता येणार नाही."

"ते पडणार आहे का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? चार दिवस ते टांगलेलं आहे! तू सही केलीयस!"

"केली होती. चुकीची केली. मी वर न जाता केली होती."

तिने ऑफिसात फ्रँकला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तुला खात्री आहे?" फ्रँकने विचारलं.

"पडेल याची नाही. पडणार नाही याचीही नाही."

"उतरव," तो म्हणाला. "आणि उद्या सकाळी माझ्याकडे ये."

उतरवणं सगळ्यात भीतीदायक होतं. मोटर सुरू झाली की कडं एका बाजूला कलायचं, लू हात वर करायचा, मोटर थांबायची. पुन्हा थोडं खाली. पुन्हा थांब. डान्सर्स प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगांत बसून बघत होते. एक मुलगी नखं खात होती. कडं जमिनीला टेकलं तेव्हा मी खुर्चीत बसले.

लू पुन्हा वर जाऊन आला. वजन उचलणाऱ्या दोन केबल्सपैकी एकीच्या क्लॅम्पचा बोल्ट त्याने नुसत्या बोटांनी फिरवून काढला होता. तो त्याने माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "हे माझ्या माणसांचं काम. सही तुझी, पण आवळायचं आमचं होतं."

हॅरिएटने कडं मागे जमिनीवरच उभं करून बांधून घेतलं. डान्सर्स त्याच्या आतून आले. शो पाचला सुरू झाला. आमच्या ओळखीतल्या कुणालाही काही वेगळं जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रँकला मी सगळं लिहून दिलं, उंचीच्या भीतीसकट. त्याने कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. नोकरी गेली नाही. पण त्याने मला शोच्या कामावरून काढलं आणि पुलांच्या इन्स्पेक्शनवर टाकलं.

"तिथे खालून बघून सही करता येत नाही," तो म्हणाला.

पुढची एकोणीस वर्षं मी पुलांवर चढले. भीती एका दिवसासाठीही कमी झाली नाही. ती कमी होईल म्हणून थांबले असते, तर एकाही कागदावर सही झाली नसती. म्हणून आधी चढायचे, मग घाबरायचे, आणि सही सगळ्यात शेवटी.